खंडेनवमीचं खोबरेल

आप्पा, तुमचा धाकटा नातू आता फौजदार आहे. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत, तो तुमच्यानंतर चार वर्षांनी झाला. गेल्या रविवारी तो निपाणीला घरी आला होता आणि जेवणं झाल्यावर मला फोनवर पिस्तुलं दाखवत बसला. हल्ली त्यांची बॉडी प्लास्टिकची असते म्हणे. तळहाताएवढं असतं, कमरेला लावलं तर शर्टावरून कळतसुद्धा नाही. ज्यांच्याकडे ती आहेत ती माणसं नेटवर आपापला अनुभव लिहितात. कुणी म्हणतं माझं कधीच अडकलं नाही, कुणी म्हणतं माझं दुसऱ्या गोळीलाच रुसतं, कुणाचं घामानं गंजलं. पोरगा मजेत वाचून दाखवत होता. एका माणसानं लिहिलं होतं की दोष पिस्तुलात नव्हता, मी घातलेल्या तेलात होता. एवढं लिहून तो मोकळा झाला. मी भांडी आवरायचं निमित्त करून आत गेले, कारण मला ते वाक्य चाळीस वर्षांत बोलता आलेलं नाही.

तुमच्या वेळी असं लिहायची सोय नव्हती, पण बोलायची होती. खासबागेतल्या आपल्याच गल्लीतलं मिस्त्रीकाकांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान मला अजून दिसतं. तुम्ही पलटणीतून सुभेदार म्हणून रिटायर झालात, एका साहेबांकडून ते जुनं विलायती पिस्तूल लायसन्सवर घेतलंत, आणि तेव्हापासून रविवारची सकाळ त्या दुकानात जायची. आई गेल्यावर घरात एकटी कशाला बसतेस म्हणून मलाही न्यायचात. कॉलेजातली मुलगी बंदुकांच्या दुकानात स्टुलावर बसून चहा पिते याचं शेजाऱ्यांना फार नवल. तिथे निपाणीचे एक तंबाखूवाले यायचे, त्यांचंही असंच छोटं पिस्तूल होतं. "पयली गोळी झकास उडवतंय, दुसरीला तोंड मिटून बसतंय बगा," अशी त्यांची कायमची तक्रार. तुम्ही म्हणायचात, "तंबाखूच्या हातानं धरलासा तर त्याला बी शिंका यायच्याच की." मग स्वतःच्या कमरेवर हात ठेवून, "आमच्या म्हाताऱ्यानं अजून एकदा बी न्हाय म्हटलेलं न्हाय." मिस्त्रीकाका कानस चालवता चालवता मान वर न करता म्हणायचे, "सुभेदार, काडतुसं मिळत न्हाईत म्हणून वर्सातनं दोन गोळ्या उडवताय. त्याला इचारलंसाच कवा?" सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसायचात.

आता खंडेनवमीचं सांगते. आपल्या घरी त्या दिवशी विळा, कोयता, तुमची पलटणीतली पदकं आणि ते पिस्तूल पाटावर मांडायचे. रिकामं पिस्तूल, काडतुसं वेगळ्या वाटीत. आई असेपर्यंत ती पिस्तुलाला कोरड्या हळदीकुंकवाचं बोट लावायची, झेंडूचं फूल ठेवायची, बास. "पूजा वरनं करायची, आत हात न्हाय," हा तुमचा नियम. आईनंतर पूजा माझ्याकडे आली. पहिल्या वर्षी मी तिच्यासारखंच केलं. दुसऱ्या वर्षी मला काय सुचलं कोण जाणे. खरं तर मला माहीत आहे काय सुचलं. तुम्ही कणकुंबीच्या रस्त्याच्या कामावर सुपरवायझर म्हणून लागला होता, पंधरा-पंधरा दिवसांनी यायचा, आलात की आईच्या फोटोसमोर बसून राहायचा, आणि मला तुमच्याकडून एक बरा शब्द हवा होता. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी पिस्तूल मांडीवर घेतलं, केसांना लावायच्या बाटलीतलं खोबरेल कापसावर घेऊन ते पुसलं, मागच्या फटींतून चार-पाच थेंब आत सोडले, आणि उरलेल्या तेलात कुंकू कालवून देवाच्या हत्याराला लावतात तसं ठसठशीत बोट ओढलं. फटीत गेलेलं तेल-कुंकू तसंच राहिलं. तुम्ही बाहेर आलात, पाटापुढं उभे राहिलात आणि म्हणालात, "आज म्हातारं लई देखणं दिसाय लागलंय. आईच्या वरताण केलंस गं." त्या वाक्यावर मी दिवाळीपर्यंत तरंगत होते.

पुढचं मी तिथं नव्हते, पण इतक्यांदा ऐकलंय की मी तिथं आहे असंच मला दिसतं. डिसेंबर महिना आहे, सकाळचे सात, कणकुंबीच्या रानात दातावर दात आपटणारी थंडी. तुम्ही आणि मुकादम रस्त्याखालच्या मोरीचं काम बघायला पायवाटेनं निघालाय. मुकादम तिथलाच, तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, तुम्हाला अण्णा म्हणणारा. तो पुढं, तुम्ही मागं. कारवीच्या झुडपांतून पिलासकटचं अस्वल उठतं आणि एका झेपेत त्याला खाली घेतं. तुम्ही पिस्तूल काढता, सेफ्टीचा खटका सरकवता, चाप ओढता. काही नाही. परत ओढता. काही नाही. गोळी लागायचीही गरज नव्हती, नुसता बार झाला असता तरी ते पिलाला घेऊन पळालं असतं. तुम्ही तसेच उभे, हात पुढं करून, चाप ओढत. मागनं मजूर डबे वाजवत, बोंबलत आले तेव्हा ते गेलं. मुकादमाचा उजवा डोळा आणि गालाचं मांस गेलं. त्याला खानापूरला ट्रकमध्ये घालताना कुणीतरी तुमच्या हातातलं पिस्तूल बघितलं. सेफ्टी लावलेली होती. त्याच संध्याकाळी कामावर बोललं गेलं की सुभेदाराचा हात लटपटला, सेफ्टी काढायचीच राहिली. तुम्ही घरी आलात आणि मला तेच सांगितलंत. "इतकी वर्सं फौजेत काढली गं. सेफ्टी काढायचं इसरलो." पिस्तुलाकडे तुम्ही परत बघितलं नाहीत. मिस्त्रीकाका घरी आले, त्यांनीच ते रिकामं करून दुकानात जमा करायला नेलं.

चार दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं, तुम्हाला नाही. बाकावर जुना पेपर, त्यावर पिस्तुलाचे सुटे भाग. काडतुसाच्या बुडावर जी पिन आदळते ती त्यांनी चिमट्यात धरली होती. तिच्याभोवती लालभडक मेणासारखं काहीतरी घट्ट बसलेलं. त्यांनी विचारलं, "घरात पूजा कोन करतंय?" मी म्हटलं, मी. "कसलं त्याल?" थंडीत आपल्या मोरीतल्या फळीवरची खोबरेलची बाटली पांढरीधोप व्हायची, मी रोज सकाळी ती उन्हात ठेवायची, आणि ते आत थिजेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग त्यांनी काडतूस दाखवलं. त्याच्या बुडावर सुईनं टोचल्यासारखी बारीक खूण. "सेफ्टी लावलेली असती तर ही खूण उटलीच नसती. सुभेदारानं सेफ्टी काढली, चाप वडला, सगळं बरोबर केलं. पिनच रेंगाळली. मागनं सवयीनं सेफ्टी लावली असणार, फौजेतला हात तो." असं म्हणून त्यांनी चिमटा खाली ठेवला. "तू सांगतीस का मी सांगू?" मी म्हटलं, काका, मीच सांगते, माझी चूक आहे. ते म्हणाले, "आजच सांग. मानूस आतनं मोडाय लागलंय." आठवड्यानं बाजारात भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, व्हय, सांगितलं. त्यांनी हुश्श केलं आणि मला दोन पेरू घेऊन दिले.

तुम्ही त्या दुकानात परत पाऊल टाकलं नाहीत, म्हणून माझं खोटं टिकलं. मिस्त्रीकाकांना वाटलं की सगळं कळूनही सुभेदार फिरकत नाहीत, राग धरलाय. तुम्हाला वाटलं, कोणत्या तोंडानं जायचं. दोन मित्र एकाच गल्लीत अशी पाठ करून राहिलात आणि दोघांच्याही मनातलं मला माहीत होतं. तुम्ही नोकरी सोडलीत. लायसन्स परत केलंत. पलटणीचा माणूस मेळाव्याचं बोलावणं घेऊन यायचा तेव्हा तुम्ही मला बाहेर पाठवायचात, आप्पा घरात नाहीत म्हणून सांग. पदकं ट्रंकेत गेली. महिन्यातून एकदा मात्र तुम्ही एसटीनं कणकुंबीला जायचात, मुकादमाला बघायला. एकदा मी सोबत आले होते. तो बिचारा म्हणाला, "आण्णा, किती येळा येताय. मी काय तुमाला कायबी म्हणत न्हाय." परतीच्या एसटीत तुम्ही उजवा हात मांडीवर उताणा ठेवून जांबोटीपर्यंत त्याच्याकडे बघत होतात. मी शेजारी बसले होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की आप्पा, हा हात बरोबर होता.

का सांगितलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा पुष्कळ प्रकारांनी समजावलंय. मुकादमाच्या घरच्यांना कळलं तर काय, माझं लग्न ठरत होतं, तुम्हाला आणखी त्रास नको. यातलं काही खरं नाही. तुम्ही मला एका मिनिटात माफ केलं असतंत हे मला तेव्हाही माहीत होतं. उलट तुमचा जीव भांड्यात पडला असता. पण मग ते वाक्य गेलं असतं, आईच्या वरताण केलंस. आई कधीच आत तेल घालणारी नव्हती. तुमच्या शेवटच्या सहा वर्षांच्या बदल्यात मी ते एक वाक्य जपून ठेवलं.

शेवटी तुम्ही दवाखान्यात होतात. मी निपाणीहून आले होते, थोरला दीड वर्षांचा कडेवर. दुपारची वेळ, वॉर्डात दुसरं कुणी जागं नव्हतं. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "एक इचारू का गं? खरं सांग. मी त्या दिवशी भ्यालतो काय?"

असं विचारणारी माणसं खरंच उत्तर मागत असतात हे मला कळत होतं. पोरगं झोपलं होतं, मला कुठे जायचं नव्हतं, कुणी येणार नव्हतं. मी तुमच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, "वय झालं की व्हतंय तसं आप्पा. कुनाचंबी व्हतंय."

तुम्ही मान हलवलीत. नंतर भिंतीकडे वळलात.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, नातवाला तर नाहीच, तो लगेच सगळ्या नातेवाइकांना फोन लावेल. फक्त एक गोष्ट, जी मी मिस्त्रीकाकांनासुद्धा सांगितली नसती. त्या दुपारी वॉर्डातून बाहेर पडताना मला रडू आलं नाही. तुम्ही परत विचारणार नाही हे मला कळलं होतं, आणि मला हलकं वाटलं. घरी गेले, पोराला खाली ठेवलं आणि पोटभर जेवले.