पणजोबा, साक्षीदार नंबर दोन

४ जानेवारी, सकाळी ७
काल भाचीच्या लग्नात भर पंगतीत चुलतभाऊ म्हणाला, तुमची पाती मुळात आमच्या घराण्यातली आहे की नाही, हेच नक्की नाही. हा चुलतभाऊ दातांचा डॉक्टर. दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवून एकट्यानं बोलायची सवय. सगळे हसले. आमची ही सर्वांत आधी.
त्याचे पणजोबा म्हणजे लाकडाचे मोठे व्यापारी. आमचे पणजोबा त्यांचे सख्खे थोरले भाऊ, असं आमचे वडील सांगत. म्हणजे आमची पाती थोरली. पुरावा? व्यापाऱ्यांच्या मृत्युपत्रावर कोर्टात दावा चालला होता. त्यात सगळं असणारच.
संकल्प: पंधरा दिवसांत कागद शोधून दातवाल्याचे दात घशात घालणे. बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात काढली. मोजल्याशिवाय मी बोलत नाही.
ही म्हणाली, आधी स्वतःचा चष्मा शोधा.

५ जानेवारी
कोर्टाच्या रेकॉर्ड रूमला गेलो. बंद. सोमवारी उघडते. तरी दिवस वाया गेला नाही. इमारत चारही बाजूंनी पाहून ठेवली.

८ जानेवारी
रेकॉर्ड रूम उघडी. तिथल्या बाई कडक. हातात मोजे, कानामागे पेन्सिल. कोणतं साल हवंय, म्हणाल्या. मी म्हटलं, पणजोबांचं. त्यांनी दाव्यांची आणि साक्षींची जाडजूड रजिस्टरं पुढे टाकली. बारा. पेन आत न्यायचं नाही, थुंकी लावून पान उलटायचं नाही, आणि मोठ्यानं वाचायचं नाही. तिसरा नियम खास माझ्यासाठी केला असावा.
रोज एक रजिस्टर. बारा दिवसांत काम फत्ते.

९ जानेवारी
शिंका. जुनी धूळ. घरीच.

१० जानेवारी
शिंका. संशोधकाला विश्रांती लागतेच.

१५ जानेवारी, दुपारी १
सापडले! आमचे पणजोबा! बांधाच्या भांडणाचा दावा, साक्षीदार नंबर दोन. खाली सही. काय ती सही! शेवटच्या अक्षराची शेपटी पार समासाबाहेर. आनंदाच्या भरात मोठ्यानं वाचलं. बाईंनी बाहेर काढलं. उद्या जाईन.

१७ जानेवारी
आणखी सात दाव्यांत पणजोबा. विहिरीचा दावा, भिंतीचा दावा, तीन मृत्युपत्रं, दोन मारामाऱ्या. सगळीकडे साक्षीदार. हिला समजावून सांगितलं, त्या काळी ज्याच्या शब्दाला वजन त्यालाच लोक साक्षीला नेत. तिनं विचारलं, पण ते पोटासाठी करत काय होते? म्हटलं, सार्वजनिक जीवन.

२२ जानेवारी
एकूण एकतीस दावे. एके दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांनी गावाच्या एका टोकाला मारामारी पाहिली आणि त्याच दिवशी अकरालाच बारा मैलांवर एकाला मृत्युपत्रावर सही करताना पाहिलं. काय उरक! जवळ उत्तम घोडा असणार. नोंद करून ठेवली.
बाईंना दाखवलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पाणी हवंय का, विचारलं. आदर वाढलेला दिसतो.

२५ जानेवारी
व्यापाऱ्यांच्या मृत्युपत्राचा दावा रजिस्टरात मिळाला. गठ्ठा मात्र वरच्या मजल्यावरून आणायचा. दोन तारखेला देते, असं बाई म्हणाल्या.
लगेच दातवाल्याला फोन. म्हटलं, दोन तारखेला ये, तुझ्यासमोर वाचतो. येतो म्हणाला. आवाज जरा नरम होता. घाबरला. (ही म्हणते, तोंडात घास असेल.)
विजयाचं भाषण लिहायला घेतलं. क्षमाशील ठेवलंय. थोरल्या पातीला शोभेल असं.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
लिहिणं भाग आहे, म्हणून लिहितो.
मी, ही आणि दातवाला. बाईंनी गठ्ठा सोडला. वाचायचं काम दातवाल्याला दिलं, कारण माझा चष्मा घरी राहिला होता.
मृत्युपत्रावर व्यापाऱ्यांच्या पुतण्यानं हरकत घेतली होती. साक्षीदार नंबर दोन, आमचे पणजोबा. मी हिला कोपरानं ढोसलं. मग त्यांची शपथेवरची जबानी आली. दातवाल्यानं सावकाश वाचली.
‘मयताचा मी नातेवाईक नाही. जवळचा नाही, लांबचाही नाही. आडनाव सारखं आहे, एवढंच. दहा वर्षं चांगला ओळखतो.’
मी म्हटलं, पुढे वाच. पुढे न्यायाधीशांचा निकाल होता. हा साक्षीदार या कोर्टापुढे एक्केचाळीसाव्यांदा उभा आहे. पक्षकार कोणीही असो, तो त्याला दहा वर्षं चांगला ओळखतो. कचेरीच्या पायरीवर बसून लोकांना साक्ष पुरवणं हाच त्याचा धंदा. त्यानं किती वाजले ते सांगितलं तरी हे कोर्ट घड्याळ पाहील. मृत्युपत्र खरं ठरलं, ते साक्षीदार नंबर एकच्या जोरावर.
हिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. बाई उगाच रजिस्टर चाळायला लागल्या.
पण मी वजनमापेवाला. लगेच मुद्दा काढला. कोर्टच म्हणतं की हा माणूस खोटं बोलतो. मग ‘नातेवाईक नाही’ हेही खोटंच! म्हणजे आपण नातेवाईक!
दातवाला विचारात पडला. मग म्हणाला, म्हणजे तुझे पणजोबा खोटारडे असतील तर तू माझा भाऊ, आणि खरं बोलले असतील तर तू परका. कोणतं हवंय ते तूच ठरव. मी ऐकेन.
म्हटलं, एक दिवस दे.
ही म्हणाली, एवढं काय ठरवायचंय त्यात?

३ फेब्रुवारी, सकाळी १०
झोप नाही. एका पारड्यात अब्रू, दुसऱ्यात दातवाला. लहानपणी आम्ही एकाच सायकलवरून पडलो होतो. त्याचा दात पडला, माझा गुडघा फुटला. रडत रडत तो माझाच गुडघा बांधत होता.
फोन केला. म्हटलं, खोटारडे होते.
तो म्हणाला, बरं झालं दादा. रविवारी ये, दाढ दाखव. लग्नात एकाच बाजूनं जेवत होतास.
आयुष्यात पहिल्यांदा दादा म्हणाला. भाषण फाडलं.

३ फेब्रुवारी, दुपारी ४
निकालाची नक्कल आणायला कोर्टात गेलो. बाईंनी आज बसायला खुर्ची दिली. परत निघालो तर पायरीवर एक अनोळखी गृहस्थ हातात अर्ज घेऊन उभे. चेहरा रडवेला. म्हणाले, पाच वर्षं ओळखणाऱ्या कोणाची तरी सही हवी आहे, खिडकी पाच मिनिटांत बंद होते.
मी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ओळखीचे वाटू शकतील असे होते. शिवाय माणूस अडलेला.
सही केली. शेपटी समासाबाहेर गेली.
मान वर केली तर त्यांच्या मागे आणखी दोघं. त्यांनाही मी पाच वर्षं चांगला ओळखतो.