दुनाबाई कुणाच्या नावावर

मी, मालिनी भ्रतार कै. विठ्ठल सातपुते, वय वर्षे ब्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, मूळ राहणार इचलकरंजी, हल्ली मुक्काम शिकागो, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागची गल्ली, दुसरा मजला, पूर्ण शुद्धीत आणि आनंदात हे लिहून ठेवते. कुणी दडपण आणलेलं नाही. नीना वकील म्हणाली, "आजी, आनंदात असं लिहायची गरज नसते." म्हटलं, असू दे गं, खरं आहे ते. ती याचं इंग्रजी करून घेणार आहे. माझी शुद्ध शेजारच्या दारातले डॉक्टर गिरीश यांनी तपासली.

"मालिनीताई, आज वार कोणता?"

"गुरुवार. आणि तुमचा स्वेटर उलटा आहे."

त्यांनी लगेच लिहून दिलं.

१. इचलकरंजीच्या दोन खोल्या मुलगा सुमंत, राहणार रेडमंड, याला द्याव्यात. त्यातल्या एका खोलीत ह्यांचा हातमाग होता. मी बावीस वर्षं त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरल्या. सुमंतने तो मला न विचारता भंगारात दिला आणि फोनवर म्हणाला, "आई, जागा क्लिअर केली." खोल्या त्याच्या. त्या गोष्टीचा राग मात्र मी कुणाला देत नाही, तो माझ्याजवळच राहू दे.

२. पाटल्या मुलगी लता, राहणार चँडलर, हिला. सुमंतचा राजस झाला तेव्हा मला रेडमंडला बोलावलं. पाच वर्षं पाऊस बघितला. मग लताला गिरिजा झाली, तेव्हा ती भावाला म्हणाली, "आता आईची टर्न माझ्याकडे." म्हणून मी चँडलरच्या उन्हात गेले. गिरिजा शिकायला इकडे आली तेव्हा हिला जेवायला कोण घालणार म्हणून मला तिच्याबरोबर शिकागोला धाडलं. मी कुठेच नाही म्हटलं नाही. पोरं गोड होती सगळी.

३. नात गिरिजा हिला माझी भांडी, पुरणयंत्र आणि गोधडी. गोधडीबद्दल खाली लिहिते, कारण तिचा काठ मी केलेला नाही.

४. हे कलम नीनाने लक्ष देऊन उतरवावं.

गिरिजा पीएचडी करते ती जुन्या इंग्रज लोकांच्या मृत्युपत्रांवर. अँग्लो-सॅक्सन म्हणतात त्यांना. हजार वर्षांपूर्वीचे. मला वाटलं राजेरजवाडे असतील, तर त्यात आपल्यासारख्याच बायका निघाल्या! एक लिहिते, माझा चांगला झगा अमकीला, जुना तमकीला, पलंगाचे पडदे धाकट्या लेकीला, एवढे बैल, एवढी डुकरं. भाकरी, कपडे, जावाजावांची भांडणं, सगळं. मी भाजी निवडायला बसले की गिरिजा वाचून दाखवते, आधी त्यांच्या भाषेत, मग मराठीत. फार मजा येते.

मागच्या दिवाळीनंतर तिने एका विधवा मालकिणीचं वाचलं. त्यात होतं, "माझी विणकरीण दुने, ही मी माझ्या नातीला देते."

मी म्हटलं, "देते म्हणजे? बाई देते?"

"आजी, स्लेव्ह्ज होते ना त्यांच्याकडे. भांड्यांसारखे वाटून द्यायचे. काही काही जणांना मरताना सोडायचे, पण हिला नाही सोडलं."

"मग आता कुणाची ती?"

"नातीची." गिरिजा हसली. "म्हणजे माझीच की यार! मीच तर वाचतेय."

मला त्या दुनेची कीव आली. हिचीही टर्न लागलेली. आणि आपली सवय, कुणाचा निरोप घेताना तोंडातून जे निघतं तेच निघालं. गिरिजाने कागद मिटला तसं मी म्हटलं, "या हं आमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी खाली फरशीवर बसली होती. बसकी, रुंद हातांची, डोक्याला राखाडी फडकं. बोलत नाही. मला भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं, कारण गिरिजा दिवसभर बाहेर असते. मी तिला दुनाबाई म्हणते. चहा ठेवला तर पीत नाही, पण कप गार लागतो, फ्रीजमधून काढल्यासारखा. आठ दिवसांत गोधडीला काठ लागला. बोटभर रुंद, त्यात लांब चोचींचे पक्षी एकमेकांच्या शेपट्या गिळताहेत. मी विणकराची बायको आहे. तो काठ शिवलेला नाही, विणलेला आहे, आणि या घरात माग नाही. मी खुशीत सगळ्यांना दाखवला. लता व्हिडिओवर म्हणाली, "आई, डोळे जपून काम कर."

इथपर्यंत छान होतं.

संक्रांतीनंतर एक दिवस गिरिजा सकाळी उठून म्हणाली, "आजी, हाऊ स्वीट! झोपेत वेणी घातलीस?" सात पदरी वेणी होती. मला तीनच पदर येतात. मग रोजच. तेव्हा लक्षात आलं की दुनाबाई माझ्याकडे आलेलीच नाही. मी नुसती या म्हटलं. ती ज्या नातीला दिली आहे तिच्याकडे आली आहे, आणि आता खिडकी सोडून गिरिजाच्या पलंगाच्या पायथ्याशी बसते. मागच्या सोमवारी गिरिजाची बाही चादरीला शिवलेली निघाली. बारीक, एकसारखे टाके. गिरिजा घाबरून म्हणाली, "आजी, धिस इज नॉट फनी." काल टाके बाहीतून मनगटाच्या कातडीत शिरले होते. रक्त नव्हतं. पोरीला दुखलंही नाही. मी कात्रीने एकेक टाका कापला. दुनाबाई बघत होती. रागाने नाही. मालकिणीने तिला नातीशी बांधून दिलं होतं, ती तेवढंच करत होती.

मी गेले की ती पूर्ण गिरिजावर पडेल. म्हणून आज घाईने लिहायला बसले आहे. मी गिरिजाला सहज विचारलं होतं की बाईला सोडायचं कसं. ती म्हणाली, साक्षीदारांसमोर मोठ्याने सांगायचं, आणि दारं उघडून वाट दाखवायची. पण मालकिणीने शेवटी शाप घातलाय, जो कुणी हे माझं मृत्युपत्र फिरवील त्याच्याकडे देव पुन्हा बघणार नाही. या बायकांना शाप घालायची हौसच असे.

तर मी असं ठरवते: विणकरीण दुने ही कोणत्याही नातीची नाही. तिचे हात तिचे. तिला पुढे कुणीही कुणाला देऊ नये. त्या मालकिणीचा शाप मी माझ्या एकटीच्या नावावर घेते. त्यात गिरिजाचा, लताचा, सुमंतचा हिस्सा नाही.

हे मी आत्ता नीना आणि डॉक्टर यांच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचलं. मग घराचं दार उघडलं, जिन्याचं दार उघडलं, आणि नीनाला खाली पाठवून रस्त्याचं दारही उघडं ठेवायला लावलं.

"आजी, बाहेर मायनस आठ आहे!"

"असू दे."

डॉक्टर म्हणाले, "मालिनीताई, ही शुद्ध मी परत तपासू का?" मी म्हटलं, आधी स्वेटर सुलटा करा.

दुनाबाई आतल्या खोलीतून बाहेर आली. हातातली सुई तिने टेबलावर ठेवली. हाडाची आहे. वर परत आलेल्या नीनाने ती सुई उचलून बघितली. मला वाटलं आता सरळ जिना उतरेल. ती दाराशी गेली, खुंटीवरचा माझा निळा कोट काढला आणि उघडून धरला, बाह्या माझ्याकडे करून.

डॉक्टरांना ती दिसत नाही. कोट दिसतो. ते खुर्चीची पाठ धरून उभे आहेत.

मोकळ्या माणसाने सोबतीला कुणाला घ्यावं ते मी ठरवू शकत नाही. आणि खरं लिहायचं तर या देशात तीस वर्षं झाली, माझ्यासाठी कोट असा धरून कुणी उभं राहिलं नव्हतं. मी सगळ्यांना घालून दिले. मी तिला खुणेने सांगितलं, थांब बाई, सही राहिली आहे.

गिरिजाला सांगावं की वरण कुकरमध्ये आहे. तिने आज वेणी स्वतःची स्वतः घालावी.

हे मी वाचून पाहिलं, बरोबर आहे. चौथी शिकले आहे, अंगठा लावत नाही.

सही: मालिनी विठ्ठल सातपुते

साक्षीदार १: नीना कुलकर्णी, वकील. (सही)
साक्षीदार २: डॉ. गिरीश आपटे. (सही, पहिली खोडून पुन्हा)

स्थळ: शिकागो. गुरुवार, दिनांक १२ फेब्रुवारी २०२६, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. तिन्ही दारं उघडी.