बूट पायाला बसला की

आबा,

परवा मी आपल्या रानामागचा डोंगर चढून आले. वळसा घालून जाणाऱ्या गाडीवाटेनं नव्हे. तो कातळ चढून, जिथं तुम्ही अडकलेली शेळी सोडवायला जायचा. तुम्ही असता तर म्हणाला असता, पन्नाशीत हे काय खूळ. म्हणा.

तुम्ही मला कधी मापाचा बूट घेतला नाही. येरमाळ्याच्या जत्रेत दुकानदार पायाजोगता बूट काढून द्यायचा आणि तुम्ही तो बाजूला सारायचा. "एक नंबर मोठा दे. पोरगी वाढतीय." घरी आल्यावर आई बुटाच्या टोकात तुमच्या जुन्या पटक्याच्या चिंध्या कोंबायची आणि मी फटक फटक करत शाळेला निघायची. सगळा वर्गच तसा वाजायचा, त्यामुळं त्याचं काही वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते कातळाचं. तुम्ही चपला काढून कमरेला खोचता, अनवाणी वर जाता, आणि मी खाली शेळ्या राखत मान वर करून बघत बसते. मलाबी न्या म्हणलं की तुम्ही माझ्या बुटाकडं बघता. "ह्या होडग्यात पाय घालून? घसरशील. बूट पायाला बसला की नेतो." अनवाणी येते म्हणलं तर काट्यांचं कारण सांगता. आणि बूट पायाला बसायच्या आधी त्याचा तळ तरी जायचा, न्हाय तर शिवण तरी उसवायची. मग पुन्हा जत्रा, पुन्हा एक नंबर मोठा. लई हुशार होता तुम्ही.

तुम्ही गेलात त्याच्या कितीतरी आधी माझा पाय वाढायचा थांबला होता, पण सवय थांबली नाही. दुकानात गेलं की मीच एक नंबर मोठा मागायची आणि ते माझ्या ध्यानातसुद्धा यायचं नाही. गेल्या हिवाळ्यात लेकीच्या डोंगर चढणाऱ्या मैत्रिणींबरोबर त्याच कातळापाशी गेले. पायात रोजचे चालायचे मऊ बूट. पहिल्याच खाचेत पाय ठेवला तर टाच बुटातून वर निघाली आणि पाय आतल्या आत फिरला. लेक म्हणाली, "आई, तू खाली थांब." मी थांबले. राखायला शेळ्या नव्हत्या, एवढाच फरक. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आबा. गुडघे अजून किती साथ देतील कुणास ठाऊक. आता नाही गेले तर कधीच जाणार नाही, असं वाटलं.

मग लेकीनं मला सोलापूरच्या एका दुकानात नेलं, मुद्दाम संध्याकाळी, म्हणजे दिवसभर चालून पाय जेवढा फुगायचा तेवढा फुगलेला असतो. दुकानातली पोरगी तुमच्याइतकीच हट्टी. घोट्याच्या वर जाणारे जड बूट तिनंच परत ठेवले. म्हणाली, त्यात पायाखालचा दगड कळत नाही. मग काढले ते बुटके, टोकाला गुळगुळीत रबर, तळ असा की अरुंद कडेवर उभं राहिलं तरी वाकू नये. मी म्हणलं, "एक नंबर मोठा दे बाई." ती हसली. "आता काय पाय वाढणारय व्हय, काकू?" तिनं मला एका उतरत्या फळीवर चालवलं. टाच हलली नाही, बोटं पुढं आपटली नाहीत. तोच घेतला.

परवा लेक आधी वर गेली आणि तिनं दोर सोडला. बुटाचं टोक मी खाचेत ठेवलं आणि ते ठेवलं तिथंच राहिलं. मध्ये एका जागी मी नुसती हातांवर लोंबायला लागले. वरनं लेक म्हणाली, "हातानं लोंबू नकोस, पायावर उभी राहा." राहिले. वर पोचले. वरनं आपली विहीर दिसते, आणि मी बसायची तो दगड. एवढासा दिसतो. तुम्ही मला का न्यायचा नाहीत, ते तिथं बसून जरा कळलं. तरी एकदा न्यायला पाहिजे होतं. आम्ही मायलेकींनी भाकरी-ठेचा खाल्ला. लई बरं वाटलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, बुटाच्या रिकाम्या खोक्यात ठेवून देते. एक सांगायचं तेवढं राहिलं. फळीवरनं खाली आल्यावर त्या पोरीनं अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून बघितलं आणि म्हणाली, "बसला की हो काकू, पायाला." माझे डोळे भरून आले. ती बिचारी घाबरली. "चावतोय का?"

मी म्हणलं, "व्हय, जरासा."