दळणाचा वाजवी दर

१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी सात.
सोसायटीची वार्षिक सभा. ऐतिहासिक. 'दळण दर नियमन समिती' स्थापन, अध्यक्ष मी. बाजूने नऊ मतं, विरोधात शून्य. बाकीचे तोवर वडापाव घ्यायला खाली गेले होते. म्हणजे त्यांची संमती धरायची.

पार्श्वभूमी, रेकॉर्डसाठी: एकशे बारा फ्लॅट, पिठाची गिरणी एक. दुसरी थेट पुलापलीकडे कुळगावात, रिक्षाने. याला मक्तेदारी म्हणतात. गाळा सोसायटीचा, चालवते अंजनाताई. तिने किलोचा दर आठाचा नऊ केला. कारण काय, तर लाइट बिल वाढलं. आता विजेची दरवाढ वाजवीच असते. वीज खात्यात एकतीस वर्षं दरवाढीचे प्रस्ताव मीच टाइप केले. एकही परत आला नाही, निदान टायपिंगच्या चुकीसाठी.

संकल्प: भोगीच्या आत दर वाजवी करणे. पहाटे साडेपाचला फिरायला जाणे. चहात साखर बंद.

३ डिसेंबर, मंगळवार.
फिरणं उद्यापासून. थंडी आहे.

गिरणीची पहिली तपासणी. अंजनाताईला पत्र दिलं: यंत्रसामग्रीची किंमत, खर्चाचं विवरण, दळणातली घट, सर्व तीन प्रतींत. तिने पत्र वाचलं, घडी केली आणि डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. म्हणाली, "काका, कागदबिगद आपल्याला जमत नाय. दळण असेल तर टाका, तासाभरात न्या."

दळण मी कधी नेत नाही. ते वेणू बघते. लग्नापासून तिचंच खातं आहे ते.

चहा आला, आल्याचा. बिस्किटं तत्त्व म्हणून नाकारली. चहाबद्दल नियमांत काही नाही. साखर आधीच घातलेली होती.

६ डिसेंबर, शुक्रवार.
अचानक तपासणी. शटर बंद. 'पुरवठा खंडित, पूर्वसूचना नाही' असा शेरा लिहिला. मग कळलं, अंजनाताई आणि तिचे मिस्टर भीमराव दादरला चैत्यभूमीवर गेलेत, दरवर्षी जातात. तशी पाटी चार दिवस लावलेली होती. मी ती वाचली नव्हती, हा वेगळा मुद्दा. शेरा खोडला.

११ डिसेंबर, बुधवार.
आदेश क्रमांक १ जारी. तत्त्व सोपं: जो खर्च होईल तो, अधिक यंत्रांत घातलेल्या पैशावर चौदा टक्के वाजवी परतावा. हे मी इतक्या वेळा टाइप केलंय की झोपेतही येतं. हिशोबाने दर आला सात रुपये चाळीस पैसे. व्हॉट्सॲप ग्रुपवर अठ्ठावीस टाळ्या.

सेक्रेटरी दिपेशने एक शंका काढली. वय तिशीच्या आत, कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. म्हणाला, पैशावरच परतावा मिळणार असेल तर ती जास्त पैसा नाही का घालणार? मी हसलो. अनुभव नाही पोराला.

वेणूने विचारलं, अंजनाला हे परवडेल का. तिला सांगितलं की नियामकाच्या घरच्यांनी प्रकरणावर बोलायचं नसतं. ती मग बोललीच नाही. जेवतानाही.

२१ डिसेंबर, शनिवार.
गिरणीत नवी मोटर. नवा इलेक्ट्रॉनिक काटा. काचेचं दार. बसायला चार खुर्च्या. भिंतीला पंखा, डिसेंबरात. एक कॅमेरा, तो पिठाच्या पोत्यांकडे बघतो.

भीमराव अंबरनाथला कंपनीत फिटर आहेत. ड्यूटीवरून थेट आमच्या घरी आले, हातात बिलांची फाइल. सगळी पक्की बिलं, उल्हासनगर कॅम्प तीनच्या मार्केटमधली, जीएसटीसकट. एकही खोट काढता आली नाही. नव्या किमतीवर चौदा टक्के धरून दर मांडला. तीनदा मांडला. अकरा रुपये वीस पैसे.

सही करावी लागली. आदेश माझाच.

अंजनाताईला जाऊन विचारलं, खुर्च्यांची काय गरज होती? ती शांतपणे म्हणाली, "काका, तुम्हीच लिवलंय ना, घालशील त्यावर परतावा. मी म्हटलं, बायका उभ्या ऱ्हातात, बसू देत."

ग्रुपवर टाळ्या नाहीत. तळमजल्यावरच्या संजीवनीबाईंनी फक्त माझं वार्षिक सभेतलं भाषण परत पाठवलं, खाली काही न लिहिता.

२३ डिसेंबर, सोमवार.
आदेश क्रमांक २. खर्चबिर्च काही बघायचं नाही. कमाल दर साडेसात, पूर्णविराम. यात पळवाट नाही.

शिवाय आज मोठा घोटाळा उघडकीस आणला. रांगेत डबे लावलेले होते, त्यातल्या अकरा डब्यांच्या झाकणांवर खडूने फुली. चौकशी केली. ही म्हणे 'दोनदावाली' गिऱ्हाइकं. त्यांचं धान्य अंजनाताई दोनदा दळते, पीठ मऊ व्हावं म्हणून, आणि पैसे एकदाच घेते! म्हणजे अकरा जणांच्या चोचल्यांचा भार एकशे एक घरांवर. आमच्या खात्यात याला छुपी सवलत म्हणत. आदेशात कलम जोडलं: सर्वांना दळण एकदाच, एकाच जाडीचं.

झाकणांवर नावं कोरलेली होती, स्टीलच्या भांड्यांवर असतात तशी. मी मुद्दाम वाचली नाहीत. नियामकाने व्यक्ती बघू नये. चष्माही घरी होता.

अंजनाताई काहीतरी बोलणार होती. मग ओल्या फडक्याने फुल्या पुसून टाकल्या.

२९ डिसेंबर, रविवार.
ज्वारीची भाकरी घशाखाली उतरेना. कडांना भेगा, आणि कण कवळीखाली जाऊन बसतात. वेणूला म्हटलं, पाणी कमी पडलं असेल. ती म्हणाली, पाणी तेवढंच आहे. हल्ली कमीच बोलते. वय झालं तिचं.

३ जानेवारी, शुक्रवार.
ज्वारी बदलली. महागातली आणली. तेच.

अंबरनाथला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कवळी धुऊन, उलटसुलट बघून परत दिली. म्हणाले, कवळी उत्तम आहे, भाकरी मऊ खा. याचे चारशे घेतले. या डॉक्टरांच्या फीवर कुणाचं नियंत्रण आहे का? नोंद करून ठेवतो.

फिरायला जाणं संक्रांतीपासून, दिवस मोठा होतो तेव्हा.

९ जानेवारी, गुरुवार.
आठवडाभर दूध-भात. पोट साफ नाही.

गिरणी आता दहा ते बाराच उघडी असते. पीठही जाड येतं, अशा तक्रारी आल्या. गिरणीच्या दगडाला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून धार आणायची. भीमराव दर पंधरवड्याला रजा टाकून ते करत. साडेसातात रजा परवडत नाही म्हणाले. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. विवरणपत्रात 'टाकी' असा रकानाच नव्हता. (विवरणपत्र मी तयार केलं होतं.)

आदेश क्रमांक ३ चा मसुदा सुरू: दर्जाचे निकष, पिठाची जाडी मिलिमीटरमध्ये. तपासणीला गेलो तर चहा नाही. चूल बंद आहे म्हणाली. स्टोव्ह समोर पेटलेला दिसत होता.

११ जानेवारी, शनिवार.
अंजनाताईने गाळ्याची किल्ली दिपेशकडे दिली. कुळगावात गाळा घेतला म्हणे. टेम्पो आला, मोटर गेली, काटा गेला, चारही खुर्च्या गेल्या. सामान चढवताना खाली बायका जमल्या होत्या. शेजारच्या माधवीवहिनी चक्क रडत होत्या. मी गॅलरीत उभा होतो. कुणी वर बघितलं नाही.

ग्रुपवर लिहिलं की मक्तेदारी संपुष्टात आली आहे. हे खरं आहे. आता आपल्याकडे एकही गिरणी नाही.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी.
आदेश क्रमांक ३ न काढताच यशस्वी!

सकाळी वेणू आणि चौघी जणी रिक्षा करून कुळगावला बाजरी दळायला गेल्या. दोन तासांनी आल्या. दुपारी तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, वर लोण्याचा गोळा. आणि भाकरी लोण्याइतकीच मऊ. तीन खाल्ल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

खुशीत वेणूला म्हटलं, बघ, स्पर्धेत उतरल्यावर कसा दर्जा सुधारला अंजनाचा. नियमन म्हणतात ते हेच.

वेणूने तवा खाली ठेवला. म्हणाली, "फुली तुमच्या डब्यावर होती. तुमची कवळी बसली त्या आठवड्यापासून. तीन वर्षं ती तुमचं दोनदा दळतेय. मी एकदाही सांगितलं नव्हतं तिला, तिनेच विचारलं होतं, काकांना चावतंय का."

मी विचारलं, मग आदेश निघाला तेव्हा का नाही सांगितलंस? म्हणाली, नियामकाच्या घरच्यांनी बोलायचं नसतं ना.

चौथी भाकरी पानात होती. राहिली.

१५ जानेवारी, बुधवार.
फिरायला गेलो नाही. मसुदा फाडला. बाकीच्या दहा फुल्या कुणाच्या होत्या ते वेणूला विचारलं. तिने बोटांवर मोजत सांगितलं. नऊ म्हातारी माणसं आणि संजीवनीबाईंची नात, तिला गिळायचा त्रास आहे. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी एक.
आज दळण मी नेलं. वेणू नको म्हणाली नाही. डबा एवढा जड असतो याची कल्पना नव्हती. झाकणावर कोरलंय: सौ. वेणू दौलतराव भोईर, आणि खाली लग्नाची तारीख. चष्मा लावून नीट वाचलं, शेअर रिक्षात, मांडीवर ठेवून.

कुळगावच्या गिरणीत चौदावा नंबर. बसायला चार खुर्च्या, ओळखीच्या. एकीवर बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, पहिल्यांदाच आलात का. हो म्हटलं.

बोलायचं ठरवून गेलो होतो. अंजनाताई, माझी चूक झाली, इतकं. घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. नंबर आला तेव्हा तोंडातून निघालं, "दर काय आहे?" तिने भिंतीवरची पाटी दाखवली. दहा रुपये. पाच किलो ज्वारी. मी शंभरची नोट दिली आणि म्हटलं, दोनदा दळायचं आहे, दोनदाचे घे.

तिने पन्नास परत केले. कानामागचा खडू काढून झाकणावर फुली मारली आणि डबा रांगेत सरकवला. म्हणाली, "बसा काका. चहा सांगते."

हा आदेश क्रमांक २ चा उघड भंग आहे. छुपी सवलतच आहे ही. मी चहा घेतला, साखरेचा. पीठ मिळायला तास लागला. येताना रिक्षात डबा मांडीवर होता, अजून गरम.

हरकत नोंदवली नाही.