कार्बोरेटरमधलं कातडं

मंगळवार, २० एप्रिल १९७१. पारनेर

दवाखान्याची जीप आठ दिवस छळत होती. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन क्षणभर गप्प व्हायचं, मग दचकून पळायचं. परवा अडलेली बाई मागे बसलेली असताना टाकळीच्या चढावर गाडी मागे घसरली. ड्रायव्हर मी. कार्बोरेटर तीनदा साफ केला, तरी दोष सापडेना.

आज लष्करातले जुने मिस्त्री गायकवाडबाबा आले. इंजिन चालूच केलं नाही त्यांनी! नुसते कार्बोरेटरच्या तोंडात डोकावले. "दाब." मी दाबलं. "पेट्रोलची पिचकारी उडाया पायजे, ती उडत न्हाई. आतलं कातडं वाळलंय."

खरंच, पिचकारीच्या दट्ट्यावरची नखाएवढी कातड्याची वाटी, उन्हाळ्यानं कडक झालेली. एवढीशी वाटी! बाबांनी ती तेलात भिजवून बोटांनी मऊ केली आणि बसवली. मग त्याच चढावर, मुद्दाम मध्येच थांबून मी पुन्हा दाबलं. जीप सरळ वर गेली.

"कुठं शिकलात हे?"

"वाळवंटात. तितं गाडी बंद पडली तर न्यायला कुनी येत न्हाई."

आणि या माणसाला मी सकाळी विचारलं होतं, "म्हातारबा, जमेल का तुम्हाला?"