मी न पाहिलेले अकरा कान

मॅडम, मागच्या गुरुवारी एका बाईच्या कानामागे मला तुमचा हात दिसला. तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली. हे वाक्य ऐकून तुम्ही नक्की म्हणाला असतात, नाटकं नकोत, नीट सांग. तर नीट सांगतो. दर गुरुवारी मी दिंडोरीला औषधाच्या एका दुकानामागच्या खोलीत कान-नाक-घशाचे पेशंट पाहतो. त्या दिवशी चाळिशी ओलांडलेली एक बाई आली, मूळची सुरगाण्याकडची, द्राक्षबागेत कामाला. उजवा कान वाहतो म्हणाली, पण ती खुर्चीत बसायच्या आधीच मला वास आला होता. कानाची पाळी पुढे ओढली तर मागे जुना व्रण. कानामागच्या घडीच्या पार आत, केसांत शिरलेला, खालच्या टोकाला किंचित वळलेला. नाशकात असा छेद फक्त तुम्ही घ्यायचात. बाई अंबाडा घालणार, कान दुरुस्त करून तिची मान विद्रूप करायची हे कुठलं शहाणपण, असं तुम्ही आम्हाला ऑपरेशन चालू असताना ऐकवायचात. मी काही विचारण्याआधीच बाईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्डाबरोबर जपलेला केसपेपर काढला. सोळा वर्षांपूर्वीचा. त्यावरचं अक्षर माझं होतं.

आपल्या वॉर्डात तेव्हा डोंगराकडून येणारे कान तुम्हाला आठवत असतील. लहानपणापासून वाहणारे, पडद्याला मोठं भोक पडलेले. तुम्ही कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा बसवायचात. ऑपरेशन सुरेख व्हायचं. पण नंतर कानात औषधाची पट्टी भरलेली असायची आणि ती काढायला पेशंटला तिसऱ्या आठवड्यात यावं लागायचं. हे लोक येतच नसत. भाताची कापणी आटोपली की सुरगाण्याहून जीपच्या जीप भरून माणसं द्राक्षाच्या कामाला खाली उतरतात आणि माल निघेपर्यंत तिथंच राहतात. पट्टी कानात सडायची. इतर डॉक्टर पेशंटच्या नावाने खडे फोडायचे. ज्याला येता येत नाही त्याला 'या' म्हणणं हा उपचार नव्हे, असं तुम्ही म्हणायचात. मग तुम्ही आपोआप विरघळणारं भरण आणि विरघळणारे टाके वापरून पाहायचं ठरवलंत. निम्म्यांना जुनी पट्टी, निम्म्यांना नवं भरण. नव्या भरणवाल्यांना तीन महिन्यांनी एकदाच बोलवायचं आणि शेवटी प्रत्येकाचा पडदा पाहून नोंद करायची. पाहायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा तुमच्या हाताखाली शिकत होतो.

माझ्याकडे ते काम का दिलंत, कोण जाणे. हात माझा काही फार चांगला नव्हता. रविवारी तुम्ही आम्हा शिकणाऱ्यांना गंगापूर रोडच्या घरी बोलवायचात आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं करायचात. कांदा चिरायचा, त्याच्या दोन थरांमधला पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोडवायचा आणि बाटलीच्या झाकणाला पाडलेल्या भोकावर सुरकुती न पडू देता बसवायचा. कानाचा पडदा असाच बसवतात. माझा पापुद्रा दर वेळी फाटायचा. सायखेड्याला आमच्या साठवणीच्या चाळीत कांदा पोत्यांनी पडलेला असायचा, आणि तुम्ही पदराला हात पुसत म्हणायचात की कांदेवाल्याच्या पोराला कांदा सोलता येत नाही, हे तुझ्या वडिलांना सांगू नकोस. वाया गेलेले कांदे तुम्ही पोह्यांत घालायचात. माझ्या चुकांचे कांदेपोहे माझ्या बॅचने दोन वर्षं खाल्ले. अजूनही बायको पोह्यांसाठी कांदा चिरायला बसली की मी उगाच एक थर उचलून उजेडासमोर धरतो.

आणि त्याच सुमारास तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलंत. एका कनिष्ठ डॉक्टरने पाहून सांगितलेला कान मी नोंदवहीत माझ्या सहीने लिहिला होता. तुम्ही ओपीडीच्या टेबलावर वही उघडी ठेवलीत आणि विचारलंत, "कुणी पाहिला?" मी त्याचं नाव घेतलं. तुम्ही ती ओळ खोडलीत. "तू पाहिला नाहीस, तर तू लिहायचं नाही. रिकामा रकाना मला चालेल, ऐकीव नोंद चालणार नाही." पेशंटांची रांग बघत होती, सिस्टर बघत होत्या. मला भयंकर राग आला होता, हेही सांगून टाकतो. एवढ्याशा गोष्टीवरून एवढा तमाशा, असं मी होस्टेलवर जाऊन चारचौघांना म्हणालो.

तीन महिने भरले आणि नव्या भरणवाल्यांपैकी अकरा जण आलेच नाहीत. मी त्यांचे केसपेपर काढले. अकराही नावांपुढे एकच मोबाईल नंबर. आधी वाटलं, कारकुनाने डुलकी काढली. तसं नव्हतं. तो त्यांच्या मुकादमाचा नंबर होता. टोळीत फोन त्याच्याकडेच, म्हणून दवाखाना असो की शाळा, सगळे त्याचाच नंबर द्यायचे. मी फोन लावतो. पलीकडे ट्रॅक्टरचा फवारा चालू आहे, मुकादम ओरडून बोलतोय. समदी बरी हायेत डॉक्टर, कान बी बरे, माणसं बी बरी. घड औषधात बुडवायचं काम चालू हाय, आता कोनाला सोडता नाय येत. मी दोनदा विचारतो, तो दोनदा तेच सांगतो. फोन ठेवल्यावर मी स्वतःशी म्हणतो की ज्याचं दुखतं तो धडपडत येतोच, आला नाही म्हणजे बरा असणार. परीक्षा तोंडावर होती, प्रबंध द्यायचा होता. मी नोंदवही पुढे ओढली आणि अकरा ओळींत लिहिलं, पडदा टिकला, कान कोरडा. मधल्या तीन ओळींसाठी मी पेन बदललं, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसेल. घाईत चूक झाली असं म्हणायचीही सोय मी स्वतःला ठेवली नाही.

तुम्ही वही पाहिलीत आणि विचारलंत, "हे अकरा कसे रे सापडले तुला?" मी म्हणालो, बागेत जाऊन पाहिले मॅडम, रविवारी, मोटारसायकलवर. इतकं सहज तोंडातून आलं की मीच चकित झालो. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, पकडला गेलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या खणातून कानात पाहायचा पितळी मुठीचा ओटोस्कोप काढलात, शिकत असताना घेतलेला, आणि माझ्या हातात ठेवलात. म्हणालात, "माझ्यापेक्षा तुला जास्त लागेल. एवढी वर्षं नोकरी केली, मी कधी बागेत गेले नाही."

तो मी तेव्हाच परत करायला हवा होता. नाही केला. आजही माझ्या बॅगेत तोच आहे, आतला दिवा दोनदा बदललाय. आपला पेपर छापून आला, पहिलं नाव तुमचं, शेवटी माझं. परिषदेत तुम्ही भाषणात मुद्दाम थांबून म्हणालात की माझ्या विद्यार्थ्याने बागांत फिरून कान तपासले. लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आणि आपल्या वॉर्डात लांबच्या पेशंटना तिसऱ्या आठवड्याला बोलावणं बंद झालं. तुम्ही ते दयेपोटी केलंत आणि माझ्या अकरा ओळींच्या भरवशावर केलंत.

एकदा सांगायला आलो होतो मॅडम. तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात. तुम्ही गॅलरीत ऊन खात मटार सोलत बसला होतात, खूप वाळला होतात. मी वाक्य जुळवून आलो होतो, गाडी लावतानाही घोकत होतो. तुम्ही आपणहून म्हणालात की पुष्कळ ऑपरेशनं केली, पण ते डोंगरातल्या लोकांचं काम तेवढं मनासारखं झालं. मग मी खुर्ची ओढली, अर्धा किलो मटार सोलले आणि घरी आलो. तुमच्यावर दया केली असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी भित्रा आहे.

आता त्या बाईचं सांगतो. मी विचारलं की ऑपरेशननंतर कान कधी वाहायला लागला आणि तेव्हाच का नाही आलात. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला होता. ती म्हणाली, "अडीच-तीन महिन्यांत वाहाया लागला. मुकादमाला बोलले, मला दवाखान्यात जाऊ दे. तो बोलला, मोठ्या दवाखान्यातून डॉक्टरचा फोन येऊन गेला, समदे कान बरे हायेत. मंग मी म्हटलं, डॉक्टरच बोलला तर बराच असंल." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वाहणारा कान बरा झालेला आहे असं मोठ्या दवाखान्याने सांगितलं, तर तो बरा, एवढंच. मी मुकादमाच्या शब्दावर वहीत लिहिलं आणि त्याने माझ्या फोनच्या जोरावर तिला गप्प बसवलं. आत मात्र कुणीच डोकावलं नाही. पुढे ती कधी कोमट तेल घालत राहिली, कधी दुकानातले थेंब. तुमच्या ओटोस्कोपने मी आत पाहिलं तेव्हा तिथं पडदा नव्हता. कातडीने आत वाढून ऐकण्याची इवलीशी हाडं खाल्ली होती आणि ती मेंदूच्या बाजूला सरकत होती. मला ते साफ करता येईल, बाई वाचेल. त्या कानाचं ऐकणं येणार नाही. ती नातीला डाव्या अंगाला घेऊन झोपते म्हणाली, उजवीकडे रडली तर कळत नाय.

रविवारी मी बागांत गेलो. सोळा वर्षं उशिरा, आणि मोटारसायकलऐवजी कारने. जुन्या यादीतल्या अकरांतलं बाईचं नाव सोडून उरलेली दहा नेली होती. बाईने कोण कुठे आहे ते सांगितलं होतं, पण चारच माणसं भेटली. बाकीची गावी, कुणी गुजरातेत, एक वारला. वेलीच्या मांडवाखाली पालथ्या क्रेटवर एकेकाला बसवून मी कान पाहिले. बागवाला विचारत होता, कसली स्कीम आहे का साहेब. मॅडम, तीन पडदे टिकलेले आहेत. चांगले, पातळ, तुमच्या त्या पापुद्र्यासारखे, एकही सुरकुती नाही. चौथा फुटलेला. तुमची पद्धत कदाचित बरोबर होती. कदाचित नव्हती. बाईचा धरून पाच कानांवरून काही म्हणता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तुमच्या कल्पनेची परीक्षा व्हायची होती आणि मी तिची उत्तरपत्रिका आधीच लिहून टाकली. हे मला त्या क्रेटशेजारी उकिडवा बसलेलो असताना कळलं, आणि मला तिथं रडू आलं. बागवाल्याला वाटलं, फवाऱ्याचं औषध डोळ्यांत गेलं. त्याने पाणी आणून दिलं.

आपला पेपर छापणाऱ्या मासिकाला मी पत्र लिहिलं आहे, अकराही नोंदी खोट्या असल्याचं आणि त्या मी एकट्याने केल्याचं. चार दिवस ते कॉम्प्युटरवर तसंच पडून होतं. तुमच्या नावाला बट्टा लागेल म्हणून हात थांबतोय, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, त्या असत्या तर त्यांनी स्वतः पाठवलं असतं, तुम्ही तुमचं बोला. आज सकाळी पाठवलं. तुम्हाला लिहिलेलं हे मात्र कुठं पाठवायचं, हा प्रश्नच नाही. ओटोस्कोपच्या डबीत घडी करून ठेवीन.

मंगळवारी बाईचं ऑपरेशन आहे. त्याआधी तिच्यासमोर बसून तिला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तो फोन मी केला होता आणि मी तिचा कान पाहिला नव्हता, ही पहिली. ती सांगेन, आता सांगेनच. दुसरी त्याहून छोटी आहे आणि तिचीच लाज जास्त वाटते. त्या गुरुवारी निघताना बाई दारात थांबली. अंबाड्यावरून हात फिरवत म्हणाली की माझे केस कमीच कापायला लावले होते त्यांनी, लय मायेच्या होत्या. मग विचारलं, "त्या बाई डॉक्टर कशा हायेत आता?" मी तुमचा ओटोस्कोप पुसत होतो. मान वर न करता म्हणालो, बऱ्या आहेत.