उत्तरपत्रिकेवरचा श्री

बाबा,

आज पोस्टमन दोनदा येऊन गेला. आलं ते असं: बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची सहा पुस्तकं, एक ओळखपत्र, त्यावर माझा डोळे अर्धे मिटलेला फोटो, आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं एक पत्र. पुस्तकांचे पैसे फीमध्येच धरलेले आहेत. फी दोन हजार आठशे चाळीस रुपये, ती दिवाळीपासून थोडी थोडी करून डाळीच्या डब्यात साठवली होती. ओळखपत्राचे पन्नास. परीक्षा विभागाच्या पत्राला मात्र काही पडलं नाही. ती ताकीद आहे, ताकीद फुकट येते. तिन्ही गोष्टी देवापुढे ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं आणि मग तुम्हाला लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुमची मुलगी, वय अठ्ठावन्न, मॅट्रिक पास, हुडकेश्वरला राहते, आणि ज्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तुम्ही एकतीस वर्षं शिपाई होतात त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे. मी गंमत करत नाही. ओळखपत्रावर तोच शब्द छापला आहे. सुनेने अर्ज आणून दिला तेव्हा त्यात एक ओळ होती, प्रवेशासाठी बारावीची किंवा कमाल वयाची अट नाही. मला वाटलं छपाईची चूक असेल. दुसऱ्या दिवशी बसने जाऊन दूरशिक्षण विभागाच्या खिडकीशी उभी राहिले आणि विचारलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "बरोबर आहे काकू. मागच्या वर्षी एक आजोबा येत होते, काठी घेऊन. त्यायले फर्स्ट क्लास भेटला." मी बाहेर येऊन पायरीवर बसले. केवढी मोठी इमारत, बाबा, आणि तिने माझ्याजवळ मॅट्रिकच्या कागदाशिवाय काहीच मागितलं नाही. एवढी वर्षं कुठे होतीस, हेसुद्धा विचारलं नाही.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवसाची तुम्हाला आठवण आहे का? सक्करदऱ्याच्या खोलीत आई चुलीपुढे बसली आहे, मी पेढ्यांचा पुडा हातात धरून उभी आहे, आणि तुम्ही खाकी सदऱ्याची बटणं लावता आहात. मी म्हटलं, बाबा, मला कॉलेजात नाव टाकायचं आहे. तुम्ही आईकडे पाहिलं, आईने तव्याकडे पाहिलं. मग तुम्ही म्हणालात, "विद्यापीठ कुठं पळून चाललं काय वं? लग्न होऊन जाऊ दे, मंग पाहू." मी ते टाळणं समजले. त्या निकालाचा पेढा मी खाल्ला नाही, आणि खरं सांगायचं तर पुढे कितीतरी वर्षं तो न खाल्लेला पेढा मनात ठेवला. आता त्या पायरीवर बसले आणि वाटलं, माणूस खोटं बोलला नव्हता. ते खरंच पळून गेलं नाही. चाळीस वर्षं त्याच जागी उभं राहिलं.

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे दोऱ्यांचा मोसम होता. परीक्षा जवळ आली की तुम्ही दोऱ्याची गुंडी घरी आणायचात. दाराच्या चौकटीत वीतभर अंतरावर दोन खिळे, त्यांच्याभोवती दोऱ्याचे शंभर वेढे, आणि एका बाजूने कात्री. शंभर दोरे एकदम खाली पडायचे, मी ते गोळा करून जुडी बांधायची. ते पुरवण्या बांधायचे दोरे. दोन वीत दोऱ्यात कोणाकोणाचं डॉक्टर होणं, वकील होणं बांधलं जाणार, असं मला वाटायचं आणि मी गाठ हळू मारायची. एकदा तुमचा डबा घेऊन परीक्षेच्या हॉलपर्यंत आले आणि खिडकीतून आत पाहत राहिले. दीडदोनशे माणसं मान खाली घालून लिहीत होती, पंख्यांशिवाय आवाज नव्हता. आरतीनंतर देवळात होते तशी शांतता. तुम्ही धावत येऊन माझ्या दंडाला धरलं. "इथं उभं राहाचं नाही. पेपर चालू आहे." एवढ्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. पण परतताना सायकलवर तुम्ही नरमलात. मी विचारलं, मी पेपर लिहीन तेव्हा तुम्हाला कसं कळेल त्यातला माझा कोणता? गठ्ठ्यात तर हजार असतात. तुम्ही हसलात. "तुह्या श्रीवरून. त्याची वेलांटी मार्जिनच्या बाहेर निंघून जाते, तशी कोणाचीच जात नाही."

श्री तुम्हीच शिकवलात. एका बाजूने कोऱ्या कागदांची वही शिवून दिलीत आणि म्हणालात, पहिला श्री, मग दुसरं काही. तेव्हापासून माझ्या हाताने कोरं पान श्रीशिवाय सुरू केलं नाही. घरखर्चाच्या वह्या, धोब्याची यादी, देवीच्या ओटीचं सामान, सगळ्यावर.

वर्ग रविवारी असतात. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्या गृहपाठात मी लिहिलं की बायकांनी काटकसर करावी. त्यांनी समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला, ‘का?’ आता मला घरात रोज विचारतात, भाजी आळणी काहून, वीजबिल जास्त काहून, पण ते विचारणारा उत्तराला थांबत नाही. हा लाल ‘का?’ थांबला होता. मी दोन दिवस पोळ्या लाटता लाटता त्याचा विचार केला. बायकांनीच का? चार पानं झाली. रविवारी मॅडम म्हणाल्या, "काकू, हे कुठून उतरवलं?" मी म्हटलं, कुठून उतरवणार, ह्या विषयाचं माझ्याजवळ एकच पुस्तक आहे. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. आणि मी त्या चार पानांकडे पाहत राहिले, की हे सगळं माझ्यात होतं आणि मला कोणी सांगितलं नाही.

मग परीक्षा. तोच हॉल, बाबा. खिडक्यांना जाळ्या बसवल्या आहेत, पंखे मात्र तसेच कुरकुरतात. मी बटव्यात दोरा घेऊन गेले होते, पण आता पुरवण्या राहिल्या नाहीत, बत्तीस पानांतच सगळं बसवायचं. घंटा झाली. मी पहिलं पान उघडलं आणि पहिल्या ओळीच्या मधोमध श्री काढला. काढला म्हणजे हाताने आपोआप काढला, मी तोवर प्रश्न वाचत होते. दोन प्रश्न लिहून झाले आणि सही करायला पर्यवेक्षक आले, कोवळा पोरगाच. तो थबकला.

"काकू, हे काय लिहून ठेवलं?"

"श्री आहे ना गा बेटा. पहिलं पान आहे."

त्याने उत्तरपत्रिका पालथी केली आणि सूचनांवर बोट ठेवलं. देवाचं नाव, खूण किंवा चिन्ह लिहिल्यास तो गैरप्रकार समजण्यात येईल. मी साबणाच्या पुड्यावरच्यासुद्धा सूचना वाचणारी बाई. तेवढीच वाचली नव्हती.

"मी खोडून टाकू का?"

"खोडू नका. खोडलेली खूण अजून खराब दिसते." त्याचाच चेहरा पडला होता. "मले कळवा लागते काकू. माह्या हातात नाही."

गैरप्रकार. मी, बाबा. उरलेला पेपर कसा लिहिला ते देवाला माहीत. पुढच्या चारही पेपरांत मी पहिली ओळ कोरी सोडली. श्री मनात काढला आणि दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली. निकाल आला तेव्हा चार पेपरांचे गुण होते आणि पहिल्यापुढे लिहिलं होतं, राखून ठेवला. खाली, अमुक दिवशी समितीपुढे हजर राहावे. घरात हे म्हणाले, "ह्या वयात कॉपी करून राहिली का वं?" आणि हसले. मला हसू आलं नाही. तो पेपर रद्द झाला तर तुमच्या विभागाच्या रजिस्टरमध्ये तुमच्या मुलीचं नाव गैरप्रकारात चढणार होतं, आणि मी पुन्हा त्या पायरीवर पाऊल ठेवलं नसतं. एवढं माझं ठरलं होतं.

परीक्षा विभागात गेले. ज्या दाराबाहेर तुमचं स्टूल असायचं तिथे आता प्लास्टिकची खुर्ची आहे. आत दोन सर आणि एक मॅडम. बसा म्हणाले, मी बसले नाही, तीनदा म्हणाले तेव्हा बसले. माझी उत्तरपत्रिका लाखेने बंद केलेल्या पाकिटात होती, ती माझ्यासमोर फोडली. मॅडम म्हणाल्या, "खूण काहून मना आहे, ठाऊक आहे का तुम्हाला? तपासणाऱ्याला कळू नये, पेपर कोणाचा. मंत्र्याच्या मुलीचा अन् शिपायाच्या मुलीचा पेपर टेबलावर सारखाच दिसला पाहिजे." त्यांनी ते सहज म्हटलं. त्यांना काय माहीत. ज्या नियमाला मी महिनाभर घाबरत होते तो माझ्याच बाजूने उभा होता, तुमच्या स्टुलाच्या बाजूने.

"मग ही खूण कोणाला ओळखू यावी म्हणून काढली?"

मी म्हटलं, "देवाला."

एक सर हसले. "देव पेपर तपासायले येते काय काकू?"

"तो कशाला येईल सर? पण तुम्ही तपासता तेव्हा तिथं असतोच ना."

त्यांनी कागद पुढे सरकवला, जे झालं ते लेखी द्या म्हणाले. मी पेन घेतलं, दहाबारा ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद दिला. मॅडमनी तो पाहिला, मग दोघा सरांपुढे धरला. मी वाकून पाहिलं तर कागदाच्या डोक्यावर, मधोमध, वेलांटी मार्जिनच्या बाहेर गेलेला श्री. गैरप्रकाराच्या जबाबावर! मॅडमनी पदर तोंडाला लावला. "सर, आता दुसरा पुरावा काय पाहिजे?"

आजच्या पत्रात लिहिलं आहे की सदर विद्यार्थिनीस ताकीद देऊन पेपर ग्राह्य धरण्यात येत आहे. गुण एकसष्ट. खाली तीन सह्या, जावक क्रमांक, गोल शिक्का. हे म्हणाले, "एवढ्या मोठ्या विद्यापीठाले दुसरं काम नव्हतं काय?" पण मी मघापासून त्याच आश्चर्यात आहे, बाबा. हुडकेश्वरच्या एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईने एक अक्षर लिहिलं, तर त्यासाठी तीन शिकलेली माणसं तासभर बसली, तिला बसा म्हणाली, का ते विचारलं आणि तिचं उत्तर होईपर्यंत थांबली. माझ्या कोणत्या अक्षराची एवढी दखल याआधी कोणी घेतली होती?

हे पत्र टाकायला पत्ता नाही. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या पुस्तकात घडी करून ठेवणार आहे. पण ठेवण्याआधी एक कबूल करते, कारण देवापुढे दोनदा नाक घासूनही ते मनातून जाईना. समितीपुढे मी खरं सांगितलं नाही. तो श्री देवासाठी नव्हता. त्याला माझा पेपर कोणता ते खुणेशिवाय कळतं. घंटा झाली तेव्हा मला जाळीपलीकडे खाकी सदरा दिसल्यासारखा झाला होता, आणि हात चालला होता. म्हणजे नियमाप्रमाणे ती खूणच होती, कोणालातरी ओळखू यावी म्हणून काढलेली.

गठ्ठे उचलणारे तुम्हीच होतात. तुम्हाला ओळखू आला का, तेवढं उलट टपाली कळवा.